सोळा सेकंदांचा रस्ता

एकदा एका रुंद रस्त्याच्या कडेला एक वृद्ध आचार्य राहत होते. खरे पाहता त्यांचे घर आधीचे, रस्ता मागून आला. पूर्वी तेथे कडुलिंबांच्या सावलीतून जाणारी साधी वाट होती. शहर वाढले, झाडे गेली आणि त्या वाटेचा सहा पदरी रस्ता झाला. आचार्यांची वस्ती अलीकडे राहिली. दवाखाना, मंडई, बँक आणि बाग ही सारी पलीकडे गेली.

आचार्य रोज सकाळी सात वाजता आपल्या ओसरीवर संतवचनांचा अर्थ सांगत. ऐकायला वस्तीतली तीसेक माणसे येत. बहुतेक जण साठी ओलांडलेले. त्यांत अनंत बोरगावे हा एकटाच तरुण म्हणावा असा, एकोणचाळीस वर्षांचा. तो महापालिकेच्या वाहतूक विभागात अभियंता होता. बारा वर्षे तो आचार्यांकडे येत होता आणि स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवत होता. माणूस प्रामाणिक, कामाला वाघ. पण डोके लवकर तापे. रस्त्यात आडवेतिडवे घुसणारी माणसे पाहिली की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. या लोकांना शिस्त म्हणून नाही, असे तो दिवसातून चारदा तरी म्हणे.

श्रोत्यांत वत्सलाबाई नाईकनवरे म्हणून एक निवृत्त परिचारिका होत्या, एकाहत्तर वर्षांच्या. एका सोमवारी त्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला पलीकडच्या दवाखान्यात निघाल्या. चौकात चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागल्यावरच त्यांनी पाऊल उचलले. मध्यावर पोहोचल्या तोवर दिवा लाल झाला आणि थांबलेल्या गाड्या सुटल्या. मागे फिरावे की पुढे जावे, हे त्यांना ठरवता आले नाही. एका मोटारीने त्यांना उडवले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

त्या शनिवारी ओसरीवर शोकसभा झाली. कुणी त्यांच्या हाताला गुण होता असे सांगितले, कुणी त्यांनी टोचलेल्या पोरांची आठवण काढली. मग अनंत उभा राहिला. त्याला दुःख झाले होते, यात संशय नाही. परंतु आदल्या दोन दिवसांत कार्यालयात त्याला याच अपघातावरून नाना प्रश्न विचारले गेले होते, आणि दुःखापेक्षा संतापच त्याच्या तोंडून बाहेर पडला.

“चौकापासून तीनशे मीटरवर आम्ही पादचारी पूल बांधलाय,” तो म्हणाला. “एक माणूस चढत नाही त्याच्यावर. वत्सलाबाई पुलावरून गेल्या असत्या तर आज इथं बसलेल्या असत्या. लोक स्वतः मरतात आणि बोल आम्हाला लागतो.”

पुलाला चौसष्ट पायऱ्या होत्या, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. वत्सलाबाईंची धाकटी बहीण भिंतीला टेकून बसली होती. तिने पदर तोंडाला लावला.

आचार्यांनी मान वर केली. “अपघाताचा अहवाल तूच लिहिलास ना? काय लिहिलेस त्यात?”

“पादचाऱ्याची चूक,” अनंत म्हणाला. “लाल दिवा असताना त्या रस्त्यावर होत्या. जे घडलं ते लिहिलं.”

आचार्य उठले. बारा वर्षांत अनंताने त्यांना रागावलेले पाहिले नव्हते. आताही त्यांचा आवाज चढला नाही, पण काठीवरच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती. दाराशी जाऊन ते वळले आणि एवढेच म्हणाले, “उद्यापासून वर्ग या ओसरीवर होणार नाही. रस्त्यापलीकडच्या बागेत होईल. वेळ तीच, सातची. ज्याला येववेल त्याने यावे.”

या बोलण्याचा अर्थ कुणालाच लागला नाही. ओसरी प्रशस्त होती, वर पंखा होता, दारात जोडे काढायला जागा होती. बागेत बसायला धड सावलीही नव्हती. काहींना वाटले, म्हातारपणी आचार्यांना लहर आली. काहींना वाटले, शोकसभेच्या जागेपासून चार दिवस दूर राहावे, असा त्यांचा हेतू असेल. अनंताने मात्र मनाशी ठरवले, की गुरुजी आपल्यावर रागावले आहेत आणि सगळ्यांना शिक्षा करीत आहेत.

दुसऱ्या दिवशी आचार्य पहाटेच निघून, पुलाच्या पायऱ्यांवर पाच ठिकाणी बसत, बागेत पोहोचले. त्यांनी बागेच्या माळ्याकडून तीस गोणपाटे मागून घेतली आणि ओळीने अंथरली. अनंत आपल्या स्कूटरवरून वळसा घालून आला. त्या दिवशी एकोणीस माणसे जमली. तिसऱ्या दिवशी तेरा. पाचव्या दिवशी नऊच. आचार्य रोज तीस गोणपाटे अंथरत, आणि बोलताना रिकाम्या गोणपाटांकडेही तसेच पाहत, जणू तेथे कुणी बसले आहे.

पाचव्या दिवशी वर्ग सुटल्यावर अनंताला राहवले नाही. त्याने आचार्यांना सरळ विचारले, की हे काय चालले आहे. म्हाताऱ्या माणसांना तो रस्ता ओलांडायला लावणे हे त्यांचा जीव धोक्यात घालणे आहे, आणि एक मृत्यू होऊन जेमतेम आठवडा झाला तोच गुरुजींनी असा हट्ट धरावा, याचे त्याला आश्चर्य वाटते. बोलता बोलता त्याचा स्वर चढला. माळीसुद्धा हातातली झारी खाली ठेवून बघू लागला.

आचार्यांनी सारे ऐकून घेतले.

“मी त्यांच्याकडे नवीन काय मागितले?” ते म्हणाले. “दवाखाना इथेच आहे. बँक इथेच आहे. ज्या रस्त्याने त्यांनी औषध आणावे असे तुझे कार्यालय गृहीत धरते, त्याच रस्त्याने त्यांनी माझ्याकडे यावे, एवढेच मी म्हटले. एकवीस जण येत नाहीत. ते का येत नाहीत, हे प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारून ये. स्कूटर इथेच ठेव.”

अनंताला हे अपमानास्पद वाटले. पण गुरूची आज्ञा मोडण्याइतका तो उद्धट नव्हता. तो चालत चौकाकडे निघाला. त्या चौकाचा नकाशा त्याने स्वतः काढला होता, तेथल्या दिव्यांच्या वेळा त्याने स्वतः ठरवल्या होत्या. मात्र गेल्या वर्षभरात तो चौक त्याने पायी एकदाही ओलांडला नव्हता. दिव्यातला हिरवा माणूस लागला, तो झपझप निघाला. डावीकडून वळणारी एक दुचाकी दिवा न पाहताच त्याच्या अंगाला चाटून गेली आणि वर मागे बसलेल्याने त्यालाच शिवी हासडली. अनंताने तिचा क्रमांक पाहायचा प्रयत्न केला, पण तोवर ती दिसेनाशी झाली. तसाच तो पलीकडे पोहोचला.

पहिले घर शकुंतलाबाई गवंडी यांचे. त्यांच्या गुडघ्यांचे दुखणे जुने. त्यांनी प्रथम सांगितले, की घरी पाहुणे होते. मग सांगितले, की कंबर धरली आहे. अनंत उठेना, तेव्हा त्या त्याला गच्चीत घेऊन गेल्या आणि समोर बोट दाखवले. रस्त्यापलीकडे एक पिवळी इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर त्यांची मुलगी राहत होती.

“दिवाळीला गेले होते, जावई गाडी घेऊन आले म्हणून,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर नाही. संध्याकाळी ती तिथं उभी राहते, मी इथं. हात करतो एकमेकींना. ती नोकरीवरून दमून येते, तिला रोज ये म्हणून कसं सांगू? आणि माझा जीव त्या रस्त्यात अर्धा होतो रे. पूल म्हणशील तर पायऱ्या चढून गेले तरी उतरवत नाही.”

आषाढ चालू होता, पाऊस अजून लागला नव्हता. दिवाळीला आठ महिने लोटले होते.

पुढच्या घरी एक गृहस्थ भेटले. ते पुन्हा रक्तदाबाची गोळी सुरीने अर्धी करून घेऊ लागले होते, म्हणजे एक पाकीट दोन महिने पुरावे आणि दवाखान्यात कमी वेळा जावे लागावे. वत्सलाबाईंनी त्यांना यावरून अनेकदा रागे भरले होते, आणि शेवटी दोघांच्या गोळ्या आपणच आणू लागल्या होत्या. त्या सोमवारच्या त्यांच्या पिशवीत स्वतःच्या गोळ्यांची चिठ्ठी होती, तशी यांचीही होती. हे सांगताना त्या गृहस्थांनी अनंताकडे पाहिले नाही. अनंतालाही त्यांच्याकडे पाहवले नाही.

असा तो घराघरांतून हिंडला. प्रत्येक ठिकाणी आधी एक खोटे कारण मिळे, आणि थोडा वेळ थांबले की त्याच्यामागून खरे कारण बाहेर येई. ही माणसे भित्री नव्हती. कुणी सैन्यात होता, कुणी एकटीने तीन मुले वाढवली होती. परंतु आपल्याला रस्त्याची भीती वाटते, हे सांगण्याची त्यांना लाज वाटत होती. शिस्त नाही, शिस्त नाही, असे जो माणूस ओसरीवर उठून म्हणतो, त्याच्यापुढे तर अधिकच.

शेवटचे घर युनूसभाई अत्तार यांचे. ते एकोणऐंशी वर्षांचे होते. पन्नास वर्षे त्यांनी घड्याळे दुरुस्त केली होती आणि आता काठी घेऊन चालत होते. ओसरीवर ते कोपऱ्यातल्या खांबाशी बसत आणि डोळे मिटून ऐकत. त्यांनी मात्र खोटे कारण सांगितले नाही. अनंताला चहा दिला, त्याचा चहा पिऊन होईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, “साहेब, मी रोज चौकापर्यंत येतो. कडेला उभा राहतो आणि परत जातो.”

“का?”

“तुमचा हिरवा माणूस सोळा सेकंद असतो. पाच-सहा दिवस मोजलंय मी. मोजणं हाच धंदा माझा. आणि घरासमोरच्या गल्लीत तेवढंच अंतर पावलांनी आखून चाललो. मला अडतीस लागतात. घाई केली तर छत्तीस, पण मग छातीत कळ येते.” आता त्यांचा आवाज कापू लागला, आणि तो वयाने कापत नव्हता हे अनंताला कळले. “वरचे बावीस सेकंद मी कुठून आणू, ते सांगा. पन्नास वर्षं लोकांची घड्याळं बरोबर चालवली. कुणी सांगतं पूल चढा, कुणी सांगतं घरात बसा, कुणी सांगतं पोराला सोबत न्या. सोळा हा आकडा कुणी काढला, ते कुणी सांगत नाही.”

तो आकडा अनंताने काढला होता.

त्याला तो दिवस स्वच्छ आठवला. चौकात गाड्यांच्या रांगा लांबतात, चालणाऱ्यांचा वेळ कमी करा, असे वरून सांगण्यात आले होते. त्याने पायांत पळायचे बूट घातले होते. या कडेपासून त्या कडेपर्यंत त्याने स्वतः चालून पाहिले होते, आणि मनगटावरच्या घड्याळात सोळा सेकंद आले होते. वरिष्ठांनी शाबासकी दिली होती. आपण सोडून दुसरे कोणी त्या रस्त्याने चालेल, ही गोष्टच त्याच्या मनात आली नव्हती.

“मी काढला, युनूसभाई,” तो म्हणाला.

युनूसभाईंनी त्याच्याकडे पाहिले. मग कप उचलून ते आत निघून गेले आणि पुन्हा बाहेर आले नाहीत.

अनंत बागेत परतला तेव्हा दुपार झाली होती. आचार्य एका बाकावर बसून होते. अनंताने त्यांना सगळे सांगितले, गच्चीतला हात, अर्ध्या गोळ्या, सोळा सेकंद. सांगताना तो संतापाने फुलत गेला. त्या दुचाकीवाल्याला चाबकाने फोडावे, मोटारवाल्यांचे परवाने जाळावेत, वरिष्ठांना त्या चौकात उभे करावे, असे तो बोलत सुटला. मग एकाएकी थांबला आणि म्हणाला, “गुरुजी, बारा वर्षं तुमच्याकडे शांत व्हायला येतोय. आज माझ्यात रागाशिवाय काही उरलं नाही.”

“राग माझ्यातही आहे,” आचार्य म्हणाले. “शनिवारपासून मला धड झोप नाही. राग वाईट, असे मी तुला कधी शिकवले? अनंता, राग पाण्यासारखा असतो. सोडून दिला की उताराकडे जातो. मोटारवाला दुचाकीवाल्यावर चिडतो, दुचाकीवाला चालणाऱ्यावर. चालणाऱ्याच्या खाली कुणी नाही. तू तर त्याच्याही खाली गेलास. जिला उत्तर देता येत नाही, त्या मेलेल्या बाईवर जाऊन रागावलास, कारण तिथे राग न्यायला काहीच कष्ट पडत नाहीत. तुझ्या कार्यालयात मेलेल्यांची नोंद होते. जे भिऊन घरात बसले, त्यांची होत नाही. उलट त्यांच्यामुळे अपघात कमी झाले, असे तुम्ही अभिमानाने सांगता. आता राग आला आहे ना? मग तो विझवू नकोस. चढावर ने. तुझ्या वर जे बसले आहेत त्यांच्याकडे, आणि तुझ्या आत जो बसला आहे त्याच्याकडे. तिकडे न्यायला दम लागतो.”

एवढे बोलून ते गोणपाटे गोळा करू लागले. अनंताने त्यांना हात लावू दिला नाही; त्याने स्वतः ती झटकून माळ्याकडे नेऊन दिली.

त्याच दुपारी अनंताने कार्यालयात जाऊन अहवालाला जोडपत्र लिहिले. ‘पादचाऱ्याची चूक’ हा आपला निष्कर्ष आपण मागे घेत आहोत. मृत महिला हिरव्या दिव्यावर निघाली होती. दिलेला वेळ तिच्या वयाच्या व्यक्तीस अपुरा होता. तो वेळ प्रस्तुत अधिकाऱ्याने स्वतःच्या चालीवरून ठरवला होता. खाली सही केली. वरिष्ठांनी ते वाचून दार लावून घेतले आणि त्याला वेडा ठरवले. हे लिहून तू स्वतःच्या गळ्यात फास घालतो आहेस, वर आम्हालाही ओढतो आहेस, असे ते ओरडले. कागद परत घे, वेळ हळूच वाढवून देऊ, असाही मार्ग त्यांनी सुचवला. अनंताने तो नाकारला. वत्सलाबाईंच्या बहिणीच्या हाती जो कागद पडेल, त्यावर चूक कुणाची हे खरे लिहिलेले असले पाहिजे, असे त्याने सांगितले. त्या खोलीतही तो ओरडला, परंतु या वेळी त्याचा ओरडा वरच्या दिशेने होता, आणि त्याला खरोखरच दम लागला.

त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. चौकशी बसली. दोन वर्षांची वेतनवाढ गेली आणि बदली मलनिस्सारण विभागात झाली. पण कागद नोंदीत राहिला, आणि नोंदीत राहिलेला कागद दाबता येईना. पाच आठवड्यांनी त्या चौकातला चालणाऱ्यांचा वेळ बेचाळीस सेकंद झाला, आणि मध्ये थांबता येईल असा रुंद कट्टा बांधण्याचे काम मंजूर झाले.

ज्या सकाळी नवी वेळ सुरू झाली, त्या सकाळी अनंत चौकात येऊन उभा राहिला. आता तो चौक त्याच्या अखत्यारीत नव्हता. वस्तीतली माणसे कडेला जमली होती, पण पाऊल कुणी उचलेना. शकुंतलाबाई मुलीसाठी डबा घेऊन आल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत होत्या. वर्षानुवर्षांची भीती एका सकाळी कशी जावी?

हिरवा माणूस लागला, आणि युनूसभाई एकटेच निघाले. काठी, पाय, पाय. काठी, पाय, पाय. वर आकडे उलटे सरकत होते. ते निम्म्यावर आले तेव्हा थांबलेल्या गाड्यांची चुळबुळ सुरू झाली. इतका वेळ थांबायची त्यांना सवय नव्हती. एकाने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने, मग सगळ्या रांगेने. पुढच्या मोटारीतल्या माणसाने काच खाली केली आणि बाहेर डोके काढून तो खेकसला, “ओ आजोबा, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का? उचला पाय.”

अनंताच्या मस्तकात तिडीक गेली. तो मुठी आवळून पुढे झाला. पण त्याच्या आधी युनूसभाई थांबले. भर रस्त्यात, त्या मोटारीच्या नाकासमोर ते वळले. त्यांनी वर दिव्याकडे पाहिले, मग त्या माणसाकडे. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पण आवाज त्यांनी जेमतेम त्या मोटारीपर्यंत पोहोचेल एवढाच काढला.

“अजून एकोणीस सेकंद माझे आहेत,” ते म्हणाले.

आणि ते पुन्हा चालू लागले, पूर्वीइतकेच सावकाश. मोटारवाल्याने डोके आत घेतले. मागचे हॉर्न वाजत राहिले.

अनंताने आवळलेली मूठ उघडली. शकुंतलाबाई अजून कडेलाच उभ्या होत्या. त्यांनी डबा छातीशी धरला होता. त्याने आपला हात त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो धरला, आणि वेगाचा हिशेब न करता, त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून तो रस्त्यावर उतरला. मागून शेजारचे दोघे आले, मग आणखी चौघे. पलीकडच्या कडेला आचार्य उभे होते. वाटेतून बाजूला सरकून त्यांनी येणाऱ्यांना जागा करून दिली.

आपल्यापुढे रस्त्यात एखादा म्हातारा संथ चालत असतो आणि आपला हात आपोआप हॉर्नकडे जातो; त्या क्षणी एवढेच पाहावे, की आपला राग कोणत्या उताराने निघाला आहे.